रिकामी होती की

"रिकामी होती की, सर."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि निघता निघताच मला खटकलं. पिस्तूल नपुंसकलिंगी. ते पिस्तूल. 'रिकामं होतं' म्हणायला हवं होतं. मराठी काही माझं इतकं कच्चं नाही. मग ही 'रिकामी' कुठून आली? घडलं होतं ते एवढंसंच. लातुरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी दहा मीटर एअर पिस्तूल चालवायला शिकत होते. दहा गोळ्यांची सिरीज संपली, पिस्तूल अजून हातातच होतं, आणि मागून लेकीनं विचारलं, "आई, किती आले?" मी वळले. नुसती मान नाही, अख्खी वळले. गॅसपासून उलथनं हातात घेऊन 'काय गं?' म्हणत वळावं, तशी. माझ्याबरोबर पिस्तूलही वळलं आणि त्याची नळी लेकीच्या पोटाच्या उंचीवर येऊन थांबली. अर्धा सेकंद, फार तर एक. ती ओरडली नाही. दचकली सुद्धा नाही. तिनं फक्त एक पाऊल बाजूला टाकलं. गल्लीत मागून मोटारसायकल आली की आपण बोलणं न थांबवता बाजूला होतो ना, तसं.

सरांचा आवाज चढला नाही. "मॅडम, पिस्तूल टेबलावर. तोंड टार्गेटकडं. फ्लॅग लावा." नळीतून आरपार जाणारी भडक रंगाची प्लास्टिकची दोरी असते, आत काही नाही हे लांबूनही दिसावं म्हणून. ती ओवताना माझा हात लटपटत होता. "आज बास. उद्या या." शेडमध्ये आणखी पाच-सहा पोरं होती, सगळी माझ्या लेकीच्या वयाची. त्यांनी शहाण्या माणसांसारखं दुसरीकडं बघितलं. चाळीस ओलांडलेल्या बाईला शाळेतल्यासारखं वर्गाबाहेर काढलं जातंय हे न बघण्याचा मोठेपणा त्या पोरांकडं होता. त्यानंच जास्त लागलं.

स्कूटरवर दोघी गप्प. गंजगोलाईत मेथी घेतली, उगाच भाव केला, आणि घरी येऊन बघते तर कोथिंबीर विसरलेली.

तसं तर मी यात पडणारच नव्हते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ ला मनू भाकरला दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळालं, चार दिवसांनी आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे रायफलीत कांस्य घेऊन गेला, आणि आमच्या घरात 'मला पण' सुरू झालं. नेमबाजी म्हटलं की कोल्हापूर, हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना आता पाठ झालंय. राही सरनोबत तिकडची, तेजस्विनी सावंत तिकडची. आपल्याकडं काय, तर ट्यूशन. अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं लातूरला येतात ती नीट आणि जेईईसाठी, कुणी नेम धरायला येत नाही. तरी शोधल्यावर एक शेड सापडली. लेकीला सोडायचं, दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, मोबाइल बघायचा, न्यायचं. तिसऱ्या महिन्यात मोबाइलचाही कंटाळा आला. मग एक दिवस सर म्हणाले, "मॅडम, बसून काय करायलाव? धरून तर बघा." सर फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे अहमदपूरकडचे. त्यांचं 'करायलाव' ऐकलं की मला माहेरी गेल्यासारखं होतं. त्या शब्दासाठी मी उठले असेन.

धरलं, आणि पहिलं आश्चर्य वजनाचं. किलोभर असेल, पण एका हातानं, खांद्याएवढ्या उंचीवर, कोपर ताठ. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात, तो वापरायचाच नाही. मी घातला होता सलवार-कुर्ता, खिसा कुठला? ओढणी कमरेला बांधून तिच्यात हात खोचला. लाकडी मूठ कुणा मोठ्या पंजाच्या माणसासाठी घडवलेली, माझ्या तळव्यात पोकळी राहायची. सरांनी तिथं एम-सील भरून माझ्या हाताचा ठसा घेतला. वाळल्यावर बघितलं तर त्यात माझ्या बोटांच्या खाचा, अंगठीचं वळसुद्धा. पीठ मळताना परातीत उमटतं तसं. पिस्तुलासारख्या वस्तूवर आपल्या हाताचा असा ठसा बघून मला बरं वाटलं की कसंतरी झालं, ते अजून ठरत नाही.

पहिले पंधरा दिवस गोळी नाहीच. रिकामं पिस्तूल उचलायचं, कोऱ्या भिंतीकडं धरायचं, ट्रिगर दाबायचा, पुन्हा खाली. ट्रिगरला कमीत कमी पाचशे ग्रॅमचा भार असावा असा या खेळाचा नियम आहे. अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटाला अडकवून बघा, मग कळेल. तो भार बोटानं इतका हळू घ्यायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. मी मात्र दर वेळी 'आत्ता!' म्हणून बोट ओढायची आणि नळी खाली मान टाकायची. मग कागद आला. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं, आणि आपण त्याच्यापासून तेहतीस फुटांवर. सर म्हणाले, टार्गेटकडं बघू नका. मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच तसं आहे. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो. नळीच्या टोकावरची फोरसाइट, म्हणजे नेम धरायची पुढची छोटी पट्टी, लख्ख दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पाहिजे, आणि लांबचं काळं वर्तुळ धुरकट झालं तरी चालतं, झालंच पाहिजे. ज्याला मारायचं तेच धूसर. माझी पहिली सिरीज शंभरात एक्केचाळीस. त्यात दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. लेकीनं कार्ड हातात घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "पहिल्या वेळेला ठीकाय."

खरं सांगायचं तर नादच लागला. दुपारी पत्रा तापलेला, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि त्यात ते 'फट्'. मोठा आवाज नाही, दबलेल्या हवेचा एक सुस्कारा आणि पाठोपाठ कागद फाटल्याची टिचकी. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या थकबाकीचे आकडे बघणाऱ्या बाईला तासभर फक्त एक काळी फोरसाइट बघायला मिळते, याची किंमत मला विचारा. शेजारणीनं मात्र दारातच विचारलं, "परवाना काढलाव का?" तिला समजावलं, की साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीची हवेची बंदूक, तिला परवाना लागत नाही. तिनं मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं मला बघून उगाच नमस्कार केला. पिस्तूल हा शब्दच आमच्याकडं तसला आहे. २०२५ च्या सुरुवातीला बीडकडच्या शस्त्रपरवान्यांची केवढी चर्चा झाली, कमरेला पिस्तूल लावून काढलेली रीळं सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. आमच्या लेखी पिस्तूल चालवायचं नसतं, ते दिसायचं असतं. शर्टाखालून थोडंसं. त्यात नेम कशाला लागतो?

वर्गाबाहेर काढल्याची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली मावसभावाला. तो टेक्सासात असतो आणि दोन वर्षांपासून तिकडं पिस्तुलाचाच पण भलताच खेळ खेळतो. आयडीपीए म्हणतात, इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन. १९९६ मध्ये निघालेली संघटना, नावातच 'डिफेन्सिव्ह'. उभं राहून कागदाला भोकं पाडणं नाही. कमरेला भरलेलं खरं पिस्तूल, त्यावर झाकायला जाकीट, टायमरची शिट्टी वाजली की जाकीट मागं सारून पिस्तूल काढायचं, पिंपाच्या किंवा भिंतीच्या आडोशानं पुठ्ठ्याच्या माणसांवर गोळ्या झाडायच्या. काही पुठ्ठ्यांवर उघडे पंजे रंगवलेले असतात. तो माणूस निरपराध, त्याला गोळी लागली तर तुमच्या वेळेत पाच सेकंद वाढतात. सगळा हिशोबच वेळेचा. मधल्या वर्तुळाबाहेर गोळी गेली की गमावलेल्या प्रत्येक गुणाला एक सेकंद भुर्दंड. त्यानं व्हिडिओ पाठवला की आमची आई म्हणजे त्याची मावशी तो बंद करायला लावायची. "पुठ्ठ्याला बी तोंड हाय की रे," म्हणायची.

"ताई, आमच्याकडं तर तू सरळ डीक्यू," तो फोनवर म्हणाला. डीक्यू म्हणजे डिस्क्वालिफाय, मॅचमधून बाद. नऊ वर्षांत त्याचं 'आमच्याकडं' तिकडं गेलंय. मग हसला आणि सांगून टाकलं, "मी पहिल्याच मॅचला झालो होतो. सांगितलं नाही कुणाला." तयारी सगळी केली होती म्हणे. पिस्तूल खोचायचं होल्स्टर, गोळ्यांची तीन मॅगझिन, पट्टा, गॉगल, कानाला मफ. जुन्या माणसांनी एकच सांगितलं होतं, पहिल्या मॅचला जिंकायला जाऊ नको, हळू जा, घरी पाठवणार नाहीत एवढं बघ. आणि हा गडी दुसऱ्याच स्टेजला डाव्या हाताच्या आडोशाकडं पळत निघाला, पळता पळता मॅगझिन बदलायला लागला. उजव्या हाताचा माणूस मॅगझिन बदलताना नळी आपोआप डावीकडं तोंड करते. त्यात पळायचंही डावीकडं, अंग तिकडंच वळलेलं. नळी मर्यादेच्या खुणेपलीकडं, मागं उभ्या माणसांच्या बाजूला गेली. सेफ्टी ऑफिसर 'स्टॉप' म्हणाला. "तो माणूस तुझ्या पाठीशी हातभर अंतरावर असतो ताई, आणि टार्गेटकडं बघतच नाही. त्याचा डोळा फक्त तुझ्या हातावर." पिस्तूल रिकामं करून दाखवायला लावलं, होल्स्टरात घालायला लावलं, मॅच खलास. पण तो घरी गेला नाही. उरलेला दिवस त्यानं लोकांच्या टार्गेटवरच्या भोकांवर चिकटपट्टीची ठिगळं लावली.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पण कुणी रागावलंच नाही गं. रागावले असते तर भांडता आलं असतं."

माझं तेच तर झालं होतं. सर रागावले असते, तर 'रिकामी होती' हे वाक्य त्या भांडणात खपून गेलं असतं. शांत शेडमध्ये ते नुसतं लोंबकळत राहिलं. रिकामी होती. कोण होती?

बंदूक होती. आजोबांची. रात्री भाकऱ्या थापताना तव्यावरून हात न हलता आठवलं, आणि एक बाजू करपली. औशाच्या पुढं आमचं गाव, तिथं वाड्याच्या माळवदाखाली आढ्याला ती टांगलेली असायची. ठासणीची बंदूक, पीक राखायच्या परवान्यावरची. रानडुकरं आणि हरणं ज्वारी भुईसपाट करायची, त्यासाठी. निवडणूक लागली की आजोबा ती घोंगड्यात गुंडाळून ठाण्यात जमा करून यायचे, आणि निकाल लागला की परत आणायचे. महिना-दोन महिने आढ्यावरचे खिळे रिकामे दिसायचे, आम्हां पोरांना घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटायचं. दारू वेगळी, छर्रे वेगळे, आणि ज्या टोपीवर घोडा पडला की बार उडतो त्या पितळेच्या इवल्या टोप्या आजोबांच्या चंचीत, सुपारी-चुन्याच्या शेजारी. टोपी चढवल्याशिवाय ती बंदूक म्हणजे नुसतं लोखंड. हे आम्हांला ठाऊक होतं. म्हणूनच तर.

मी सात वर्षांची असेन. ओसरीवर आजोबा बंदूक साफ करत बसले होते, मांडीवर आडवी, गजाला चिंधी गुंडाळून आतबाहेर. खोबरेल तेलाचा आणि जळक्या दारूचा वास. मला अंगणातून आत जायचं होतं, मी नळीच्या तोंडापुढून पळत गेले. पुढचं एवढंच आठवतं, की माझा गाल पेटला. आजोबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते हे. ज्या माणसानं माझ्या वेण्या घातल्या होत्या, त्यानं. "नळीपुढून गेलीस?" आणि मी रडत, पाय आपटत, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "रिकामी होती की!"

न्याय माझ्या बाजूनं होता. टोप्या चंचीत होत्या, चंची खुंटीला होती, मी डोळ्यांनी बघितली होती. आजीनं मला ओढून घेतलं, पण आजोबांना ती काही बोलली नाही, याचं मला नवल वाटलं. एरवी ती त्यांना सोडायची नाही. आजीला त्या बंदुकीचा तिटकारा होता. ती आढ्याखालून जाताना मान खाली घालायची, टांगलेली असली तरी. रझाकारांच्या काळात ती नऊ-दहा वर्षांची पोर, उभ्या ज्वारीत रात्री काढलेली. काय बघितलं ते तिनं कधी सांगितलं नाही. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा असायचा, आम्ही घोषणा देऊन घरी यायचो, ती म्हणायची, जेवा. एकदाच, त्या थपडेच्या रात्रीच असेल, माझ्या गालाला तेल लावता लावता ती बोलली होती, "नळी लांब दिसली तर ती दुसऱ्याकडं असती. गोल दिसली की आपल्याकडं." मला काहीच कळलं नव्हतं. गोल काय, लांब काय. नळी ती नळी.

तवा उतरवून मी बाहेरच्या खोलीत गेले. लेक गणित करत होती.

"आज मी वळले तेव्हा," मी म्हटलं, "तुला नळी कशी दिसली?"

तिनं पेन्सिल ठेवली नाही. "म्हणजे?"

"लांब, का गोल?"

तिनं विचार केला. तिच्या वहीच्या कोपऱ्यात, समीकरणाच्या शेजारी, तिनं पेन्सिलीनं एक ठिपका काढला आणि तो गिरवत गिरवत काळा केला. ज्वारीच्या दाण्याएवढा. "एवढी," ती म्हणाली. मग वही फिरवून मला दाखवली, जणू मी स्कोअर विचारला होता.

त्या रात्री मला आजोबांचा राग आला नाही आणि मायाही आली नाही. दोन्ही सोपं झालं असतं. मनात येत राहिलं ते भलतंच. लेकीनं जे पाऊल बाजूला टाकलं ते तिला सरांनी शिकवलेलं होतं, आणि कुणावर टाकायची वेळ आली तर आईवर. मी थप्पड खाल्ली होती, तिनं नुसती जागा बदलली. थपडेचं निदान पस्तीस वर्षं भांडण तरी करता आलं. आणि मराठीत नेम या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हेही तेव्हाच पडल्या पडल्या सुचलं. एक लागतो, एक पाळायचा असतो. आजोबांचा पहिला बेताचाच होता. डुकरं मारल्याचं कुणाला आठवत नाही, आवाजानंच पळायची. दुसरा मात्र चुकल्याचं कुणी सांगत नाही. पण हे असलं शब्दांवरचं खेळणं रात्री बरं वाटतं. सकाळी उठून बघितलं तर मला एवढंच दिसत होतं, की सराव सुरू झाल्यापासून मी रोज रात्री माझे दहा-दहाचे आकडे वहीत लिहीत होते, एक्केचाळीस, छप्पन्न, अडुसष्ट, आणि पिस्तूल खाली ठेवून मग वळायचं, हे त्या वहीत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले. सर 'या' म्हणाले आणि आदल्या दिवसाचं नावही काढलं नाही. फक्त मला पिस्तूल दिलं नाही. दोरी दिली. फ्लॅग घालायचा, काढायचा, टेबलावर ठेवायचं, एक पाऊल मागं, मग वळायचं. शंभर वेळा. तीन दिवस तेच. शेजारच्या लेनमधला सहावीतला पोरगा माझ्याकडं दयेनं बघत होता. त्यानं स्वतःचं पाणी मला दिलं.

परवा पुन्हा गोळी हातात आली. मे महिना, पत्रा असा तापलेला की कूलर नुसती गरम हवा ढवळत होता. दहा उचलले, त्यात तीन वेळा हात तसाच खाली घेतला, गोळी न सोडता, कारण फोरसाइट ठरत नव्हती. पूर्वी मी असं करत नसे, उचललंय तर सोडून मोकळी व्हायची. शेवटची गोळी सुटली, आणि मागून आवाज आला, "आई, किती आले?"

मान फिरायला निघाली होती. खोटं कशाला सांगू, मानेची शीर ताणली गेलेली मला जाणवली. डोळे समोरच्या कागदावर ठेवले. नळी तिकडंच. खटका उघडला, दोरी ओवली, ती पलीकडून बाहेर आलेली बघितली. टेबलावर ठेवलं. हात मोकळा केला, बोटं आखडली होती. एक पाऊल मागं.

मग वळले, तर मागं कुणी नव्हतं. लेक कधीच पाण्याची बाटली भरायला कोपऱ्यातल्या माठाकडं गेली होती.